बत्तीसवरचं बोट

जे. पी. नगर, बंगळूर
बुधवार, १३ नोव्हेंबर २०२४

चि. शाल्मलीस,

अनेक आशीर्वाद. हे दोन शब्द सवयीने उमटले. खोडावेत असं मनात आलं, पण सव्वीस वर्षं छापखान्यात लग्नपत्रिका जुळवण्यात गेलेल्या बाईला खाडाखोडीचं पत्र पाठवायला लाज वाटते. तेव्हा राहू देत.

आम्ही दोघंही बरे आहोत. ह्यांचा गुडघा पावसाळ्यात फार दुखला, आता ठीक आहे. बसवनगुडीत परिषेसाठी, शेंगांच्या जत्रेसाठी, पोती यायला लागली आहेत. मागे तू आमच्याबरोबर परिषेला आली होतीस, ओल्या शेंगा खाऊन पोट धरून बसलीस आणि ह्यांनी तुला ओव्याचं पाणी पाजलं होतं. यंदा आम्ही काही जाणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मराठी मंडळाचे संताजी घरी आले होते. एका हातात तुझं पुस्तक, दुसऱ्या हातात सत्काराचं आमंत्रण. दारातूनच ओरडले, "अक्का, तुमच्या शाल्मलीनं नाव काढलं बघा!" येत्या रविवारी, सतरा तारखेला, मंडळात तुझा सत्कार आहे आणि शाल-श्रीफळ माझ्या हस्ते द्यायचं ठरलंय. "तुम्हाला लेकीसारखीच ना ती," म्हणाले. मी "सरी, बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुस्तक तेव्हा उघडलंही नव्हतं.

ते गेल्यावर उघडलं. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतल्या एकशे बारा लोककथा, संकलन शाल्मली. प्रस्तावनेत लिहिलंयस की ह्या कथा कुणा एकाच्या नाहीत, वाऱ्यावरून आलेल्या आहेत. शेवटी आभार: "जे. पी. नगरातल्या एका कुटुंबाने वेळोवेळी चहापाणी केले." अगं, आमच्या घरात चहा होतच नाही. दीड वर्ष दर शनिवारी तू कॉफी प्यायलीस, तीही दोन-दोन पेले. एवढं तरी नीट लिहायचंस.

ह्या गोष्टी वाऱ्यावरून आल्या नाहीत, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्या माझ्या सासूबाईंच्या, भागीरथीबाईंच्या तोंडून आल्या. रंगाऱ्याच्या घरातली बाई, शाळा दुसरीपर्यंत, अर्धं मराठी आणि अर्धं कन्नड बोलणारी. रोज दुपारी भांडी आवरली की त्या सांगायच्या आणि मी टाइप करायची. नऊ वर्षं. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी मला तिथला मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम आणि त्याची ती हिरवी डोंगल देऊन टाकली होती, त्यावर. ती डोंगल लावल्याशिवाय प्रोग्रॅम सुरू होत नाही आणि प्रोग्रॅमशिवाय त्या फाइली वाचता येत नाहीत, नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. हे मी तुला पहिल्याच शनिवारी समजावून सांगितलं होतं.

तू पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी नवीन आलेली, मारतहळ्ळीला पेइंग गेस्ट. मंडळाच्या गणपतीत भेटलीस आणि दोन बस बदलून आमच्याकडे यायला लागलीस. महिन्याभरात 'काकू'ची 'अक्का' केलीस. मला बरं वाटायचं, का खोटं बोलू? आमच्या लेकीच्या, सिद्धीच्या खोलीचं दार मी अकरा वर्षं झाडण्यापुरतंच उघडत होते. तुला तिथे झोपायला दिलं.

आता मुद्द्याचं लिहिते. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी आठव. माझा कॉम्प्युटर सारखा सूचना देत होता की सिस्टिम जुनी झाली, नवी घ्या. मी घाबरलेली. तू म्हणालीस, आपण नवी उतरवून घेऊ, पण आधी सगळ्याचा पेन ड्राइव्हवर बॅकअप. त्या बॅकअपसाठी तू लागोपाठ तीन शनिवार बसलीस. मी पडवळाची भाजी चिरत होते, मधूनमधून तुला डोसे आणून देत होते आणि मनात म्हणत होते, पोर किती कष्ट घेतेय.

चौथ्या शनिवारी ते डाउनलोडचं पान उघडलं. त्यावर दोन नावं होती, एक बत्तीस बिटवालं आणि एक चौसष्टवालं. मी आदल्या दिवशीच कॉम्प्युटरची माहिती उघडून बघितली होती आणि वहीत लिहून ठेवलं होतं: आपली सिस्टिम बत्तीस. छापखान्याची शिस्त ती. आधी काय जुळवलंय ते बघायचं, मगच पुढचं. माझं बोट बत्तीसवरच होतं, शाल्मली. मी म्हटलं, "हेच ना?" तू माझा हात धरून बाजूला केलास आणि हसलीस.

"अक्का, चौसष्ट म्हणजे डबल ना! बत्तीस आता आउटडेटेड आहे. कुणी घेत नाही."

"आणि माझा प्रोग्रॅम? डोंगल? ते चालेल ना त्यावर?"

"चालेल हो. मी आहे ना."

मी आहे ना. ह्या तीन शब्दांवर मी मान ठेवली आणि तू केसाने गळा कापलास.

चौसष्ट टाकायचं तर जुनं सगळं पुसावं लागतं, असं तू सांगितलंस. पुसलंस. नवी सिस्टिम आली, निळीशार, चकचकीत. डोंगल लावली, प्रोग्रॅम हूं की चूं करेना. पेन ड्राइव्हवरच्या फाइली उघडल्या तर नुसती चिन्हं. तू तासभर खटाटोप केलास आणि मग म्हणालीस, "अक्का, फाइली करप्ट झाल्यात. आता काही होणार नाही. बाहेर कुणाला देऊ नका, आणखी बिघडतील." आणि माझ्या गळ्यात पडून रडलीस. मी तुझे डोळे पुसले! "जाऊ दे, तू काय मुद्दाम केलंस?" म्हणाले. तुला उप्पिट करून घातलं, आणि तू गेल्यावर मोरीत नळ सोडून रडले, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यानंतर तुझे शनिवार कमी झाले. प्रोजेक्ट, डेडलाइन, मग फोनही नाही. मला वाटलं, पोरीला अपराधी वाटतंय. तुझी कीव करत होते मी इतके महिने.

पुस्तक वाचल्यावर पेन ड्राइव्ह आणि डोंगल पिशवीत घातली आणि एस. पी. रोडला सत्यनारायण यांच्याकडे गेले. आमच्या छापखान्याची यंत्रं तेच दुरुस्त करायचे. त्यांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर बत्तीसवालं चढवलं, डोंगल लावली आणि प्रोग्रॅम सुरू झाला. सगळ्या एकशे बारा फाइली उघडल्या, एकही मात्रा हललेली नव्हती. जुन्या डोंगला चौसष्टवर चालत नाहीत, हे त्यांच्या गल्लीत कुणीही सांगेल म्हणे. तू तर त्याच कामाचा पगार घेतेस. मी तुझ्या तीन शनिवारांचं सांगितलं तेव्हा ते हसायला लागले. "अम्मा, एवढ्याशा फाइलींचा बॅकअप अर्ध्या कॉफीत होतो. तीन शनिवार लागले म्हणजे तिनं एकेक गोष्ट उघडून नव्या मराठीत उतरवून घेतली असणार." मग माझं तोंड बघून हसायचे थांबले.

हे म्हणतात, "सोड गे, स्वल्प चुकली असेल पोर. गोष्टी छापल्या गेल्या, आईचंच काम झालं." ह्यांना सगळं सोडता येतं. मीही सोडलं असतं. खरंच. सासूबाईंनी आयुष्यात कशावर आपलं नाव लिहिलं नव्हतं, त्यांना काही वाटलं नसतं. पण पान एक्केचाळीस आहे ना.

त्या पानावर रंगाऱ्याच्या मुलीची गोष्ट आहे. मुलगी निळीत बुडवलेलं कापड धुवायला तळ्यावर जाते. तळ्याला तो निळा रंग आवडतो आणि ते मुलीलाच ओढून नेतं. सासूबाईंच्या गोष्टीत ती परत येत नाही. आई दर वर्षी काठावर बसून पांढरं कापड पाण्यात बुडवते, ते निळं होऊन वर येतं आणि आई घरी जाते. संपली गोष्ट. सासूबाई असल्याच गोष्टी सांगायच्या, लाडीगोडी नाही.

तुझ्या पुस्तकात आई निळीचा अख्खा रांजण तळ्यात ओतते. मुलगी कोपरापर्यंत निळी होऊन बाहेर येते. आई रागवत नाही, कुठे होतीस म्हणत नाही, फक्त विचारते, "ऊट झालं का?" आणि खाली तू टीप दिली आहेस: 'जेवलीस का, असे कन्नड-मिश्रित मराठीत विचारणे हा ह्या समाजातल्या मातांच्या लोकपरंपरेचा भाग असून कथेचा हा शेवट फार प्राचीन असावा.'

प्राचीन! तो शेवट मी टाइप केला, २०१० साली, एका दुपारी. त्या दिवशी पहिल्यांदाच सासूबाईंचं सांगणं मला तसंच्या तसं उतरवता आलं नाही. त्यांनी विचारलं, "काय खडखडतेयस एवढा वेळ?" मी वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "राहू दे तसंच."

का, ते तुला माहीत आहे. तुला एकटीलाच माहीत आहे. ह्यांनासुद्धा मी कधी सांगितलं नाही. सिद्धी अपघातात गेली, एवढंच जगाला ठाऊक. पण त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं, नोकरी बदलण्यावरून, फालतू. ती चप्पल घालत होती आणि मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. रोज मी विचारायची, ऊट झालं का. त्या दिवशी विचारलं नाही. ती उपाशी गेली. हे मी तुला तिच्याच पलंगावर बसून सांगितलं होतं आणि तू माझा हात धरला होतास. तोच हात, शाल्मली, जो नंतर तू बत्तीसवरून बाजूला केलास.

एकशे अकरा गोष्टी तू नेल्यास त्याचा मला राग आहे. ह्या एका गोष्टीचं मात्र दुःख आहे, आणि ते जात नाही.

आता रविवारचं. आमच्या छापखान्यात एक रीत होती. पत्रिका कितीही घाईची असो, घरातल्या थोर माणसाने प्रूफ पाहून 'बरोबर आहे' अशी सही केल्याशिवाय यंत्र सुरू व्हायचं नाही. नावं चुकलेली पत्रिका वाटली गेली की लग्नघरात आयुष्यभराची अढी बसते म्हणून. तुझ्या पुस्तकाचं प्रूफ मला कुणी दाखवलं नाही. म्हणून मीच काढलंय. सोबत एक कागद आहे, त्याच जुन्या प्रोग्रॅमवर टाइप केलेला. त्यावर तीनच ओळी आहेत:

सर्व गोष्टी सांगणार: भागीरथीबाई.
लिहून घेणार, आणि पान ४१वरचा शेवट रचणार: शुभदा.
तो शेवट कुमारी सिद्धी हिच्यासाठी.

खाली सहीसाठी जागा सोडली आहे. तू वाच. चूक असेल तर दुरुस्त कर, मी मोठ्या मनाने मान्य करीन. बरोबर असेल तर सही कर आणि रविवारी मंडळात सत्काराआधी स्वतःच्या तोंडाने वाचून दाखव. पुढच्या आवृत्तीत हा कागद छापला जाईल, असंही सांग.

नाही आणलास, तरी मी येणार आहे. ठरल्याप्रमाणे शाल घालीन, नारळ देईन, लोकांसमोर तमाशा करणार नाही. मग माईक मागून घेईन आणि रंगाऱ्याच्या मुलीची गोष्ट सांगीन, सासूबाई सांगायच्या तशी, त्यांच्या शेवटासकट. त्यात मुलगी परत येत नाही. आणि खाली उतरून घरी येईन, तुझ्याकडे न बघता.

पण सही करून आणलास, तर दीड वर्ष कुठे होतीस, असं का केलंस, काही म्हणणार नाही. एकच प्रश्न विचारीन. तो तुला पाठ आहे.

शुभदा
('अक्का' लिहायचं की नाही, ते रविवारी.)