बगीच्याला पहिला नंबर

लिंबायत, सुरत
ता. ९ फेब्रुवारी १९९७, रविवार

सौ. योगिता,

मी बरा आहे. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण तुझ्या पत्रात आबांच्या खोकल्याशिवाय कुणाच्या तब्येतीचं काही नव्हतं. हे पत्र आबांना वाचायला देऊ नकोस, तूच वाच. उत्तराला उशीर झाला. कारखान्यात पाळी बदलली होती. बदलली होती हे खरं, पण उशीर त्यामुळे नाही झाला. ते पुढे लिहितो.

आधी बातमी. आपल्या गल्लीला पहिला नंबर मिळाला! प्लेगनंतर सगळीकडे झाडलोट सुरू आहे, ते तू बघितलंच आहेस. यंदा गल्ल्यांची आणि शाळांची स्पर्धा ठेवली होती. कचरा उचला, झाडं लावा, बगीचा करा, अशी. आपल्या मराठी शाळेच्या पोरांनी रोपं लावली, त्यांना पेन मिळाले. गल्लीला ढाल मिळाली. ती बन्सीलालच्या पानटपरीत ठेवली आहे, कारण काचेचं कपाट त्याच्याकडेच. पेपरात फोटो आला. धुरपदाबाई मधोमध, डोक्यावर पदर, आणि तोंड असं की सगळी सुरत तिनेच झाडली. मी फोटोत नाही.

माझं मन कुठे लागत नाही. दिवाळीपासून हा तिसरा कारखाना. मुकादम म्हणतो, तुझ्या मशीनला पाय फुटलेत की तुला?

तुला माहीत आहे, मी चार माणसांत बोलत नाही. पण मीटिंगमध्ये बन्सीलालने विचारलं, बगीचा कुठे करायचा, तर पहिला मीच बोललो. म्हटलं, खाडीच्या काठी, बाभळीजवळ. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हिलाल म्हणाला, "अरे, याले बोलता येस!" सगळे हसले, पण जागा पटली.

तिथेच का म्हटलं, ते तुला सांगायला नको. तू माहेरी गेल्यावर लोक तिथे कचरा टाकायला लागले होते. करवंट्या, कारखान्यातल्या सुताचा गुंता, एकदा तर मेलेली कोंबडी. मी पाळीवर जाताना उचलायचो, येताना पुन्हा पडलेलं. भांडलो असतो तर कशासाठी भांडतो ते सांगावं लागलं असतं. मग वाटलं, बगीचा झाला तर कुणी टाकणार नाही. तिच्यावर फुलं येतील. माझ्या डोक्यात एवढंच होतं, नंबरबिंबर नाही.

तू दोन्ही पत्रांत विचारलंस, ती जागा नीट आहे ना. आता लिहितो.

साहेब लोक बघायला यायच्या आधी जमीन सारखी करायला मशीन आलं. मी दिवसपाळीला होतो. सुट्टी मागितली नाही. वाटलं, बाभूळ उभी आहे, बाभळीच्या मुळाशी कोण हात लावतो. राघोला जागा माहीत होती, पोरीला पुरायला तोच माझ्यासोबत आला होता, पण तो लग्नाला शिरपूरला गेलेला. संध्याकाळी आलो तर बाभूळ नाही. पोरांच्या पायात काटे जातील म्हणून काढली, म्हणाले. सगळं ताटासारखं सपाट, वर ट्रकने आणलेली काळी माती. आणि काठाने गेरू-चुना लावलेल्या दगडांची रांग. गावाला कलेक्टर येणार म्हटलं की शाळेपुढे लावतात ना, तशी. आपल्या माणसांची सवयच ती. साहेब येणार म्हटलं की दिसेल तो दगड उचलायचा, अर्धा तांबडा करायचा, अर्धा पांढरा. बायांनी खाडीकाठचा एकूण एक दगड गोळा केला होता.

मी एकेक दगड उलटून बघायला लागलो. धुरपदाबाई ओरडली, "काय करी राहिना रे तू? रंग ओला शे!" हिलाल म्हणाला, "बघा, कुंदनने मर्डर केला!" माझे हात तांबडे झाले होते. मीपण हसलो, योगिता. काय करणार.

आपला दगड सापडला. फुटक्या पाट्याचा तुकडा, एका बाजूने झिजलेला, तोच. पण दगड सापडून काय करू? तो तिच्या डोक्याशी होता, आता रांगेत आहे. जागा मला सांगता येत नाही. खाडीकडून चालून बघितलं, रस्त्याकडून बघितलं. बाभूळच नाही तर कशावरून धरू? झेंडूच्या वाफ्याखाली असेल असं वाटतं. दुसऱ्या दिवशी नळाजवळ वाटतं. मशीनने खालची माती खरवडून कुठे नेली, ते मी विचारलं नाही. विचारवलं नाही.

साहेब आले तेव्हा त्यांच्यात एक बाई होत्या. म्हणाल्या, "बहु सरस! बगीचानुं नाम शुं?" कुणी ठरवलंच नव्हतं. बन्सीलालने एका पुढाऱ्याचं नाव सांगितलं, हिलालने सप्तशृंगी मातेचं, तिथेच दोघांची जुंपली. मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. बारशाच्या आधीच गेली ती. तू मनात नाव धरलं होतंस, मला सांगत नव्हतीस. म्हणायचीस, आत्या कानात सांगेल तेव्हाच सगळ्यांबरोबर ऐका. नंतर मी विचारलं नाही आणि तूही बोलली नाहीस.

अखाजीचा सण झाला की येते आणि आधी तिथेच जाते, असं लिहिलंस. गाडीतून उतरून तिथे गेलीस आणि म्हणालीस, दाखवा, तर मी काय दाखवणार? म्हणून हे आधीच लिहिलं. हे वाचून तुला यावंसं वाटलं नाही तर मी काही म्हणणार नाही. आबांनाही म्हणणार नाही.

सकाळी पाळीवर जाताना मी वाटीभर दूध नेतो. रोज वेगळ्या वाफ्यात ओततो. एखाद्या दिवशी तरी तिला मिळत असेल.

तिचं नाव तेवढं लिहून पाठव. बोर्डावर लावायला नको, तिथे काय लावायचं ते लावू दे त्यांना. दूध ओतताना मला तिला हाक मारता येत नाही.

तिचा बाप,
कुंदन