चार्ज देणार, चार्ज घेणार

१६ जून २०२१, बुधवार. केडगाव

कालच्या नोंदीत एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. ‘विजयमाला मॅडमकडून चार्ज घेतला’ असं मी लिहिलं. तसं झालेलं नाही. माझ्या आधी गणित शिकवणाऱ्या या मॅडम बावीस एप्रिललाच करोनाने गेल्या. पण चार्जच्या यादीवर ‘देणार’ आणि ‘घेणार’ अशा दोन्ही सह्या लागतात. एक नसली की संस्था यादी परत पाठवते आणि नेमणूक अडकते. मुख्याध्यापक महेंद्र सर फोनवर म्हणाले, “दोन्हीकडं तुम्हीच करा की सही. त्या काय तपासायला येणार हायेत का?” आणि हसले. मी जुन्या निकालपत्रावरची मॅडमची सही चारदा गिरवली आणि यादीवर केली. खाली तारीख घातली पंधरा जून. ‘कार्यमुक्त’चा रकाना कोराच राहिला.

बाकी सगळं छान आहे. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, पुणे रस्त्यावरच्या गाड्या दिसतात. घरमालकीण केशरबाई खाली राहतात. आल्याआल्या त्यांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वर पाठवली. शाळा तिसगावच्या पुढे आहे. बंद असल्यामुळे मी ती अजून पाहिलेली नाही. दहावीची बेचाळीस मुलं मला फोनमध्येच भेटणार. दम्यामुळे चौथीपर्यंत मी कर्जतला घरीच शिकले, सरोजिनीआत्यासमोर बसून. त्यामुळे मोठ्या वर्गाची मला जरा धास्तीच वाटते. आज रिकाम्या खोलीत मोठ्याने “नमस्कार मुलांनो” म्हणून पाहिलं. माझं मलाच हसू आलं.

१९ जून, शनिवार

शिकवणं पस्तीस मिनिटांचं आणि त्याचा पुरावा गोळा करणं चार तासांचं. अकराला वर्ग. मग हजेरी, ग्रुपवर स्क्रीनशॉट, बेचाळीस वह्यांचे फोटो तपासणं, चारच्या आत दैनिक अहवाल. दुपारी फोन इतका तापतो की पालथा करून ओल्या फडक्यावर ठेवावा लागतो.

डेटा संपतो म्हणून मुलं कॅमेरा लावत नाहीत. काळे चौकोन आणि त्यांत नावं. मी विनोद केला तर कोणी हसलं की नाही ते कळत नाही. काल प्रज्ञाला समरूपतेची कसोटी विचारली. मग तिचे वडील कचरूभाऊ बोलले, “मॅडम, पोरगी गुरं पाजाया गेली. मी हाय, मला इचारा.” अख्ख्या दिवसात माझ्याशी बोललेलं ते एकच माणूस.

२४ जून, गुरुवार

वह्यांचे फोटो उघडले तर ते तपासलेले. लाल खुणा, कडेला ‘पायरी सुटली’, ‘छान’. मी तपासले नव्हते. की तपासून विसरले? डोळे फार चुरचुरतात.

मग स्क्रीनशॉट मोजला. बेचाळीस मुलं, मी, आणि आणखी एक चौकोन. विजयमाला. पुन्हा दोनदा मोजला. सरांना कळवलं. जुनं खातं बंद करायचं राहिलं असेल, म्हणाले. वह्यांचंही सांगितलं, तर म्हणाले, “मग बरंच की! ओझं हलकं झालं तुमचं.”

१ जुलै, गुरुवार

केशरबाई जिन्यात भेटल्या. दुसऱ्या बाई कोण येतात म्हणाल्या. “लई निवांत शिकवत्यात वो त्या. तुमचं आपलं सारखं घाई-घाई.”

खोलीत मी एकटी असते.

वर्गात आज प्रज्ञाने माईक उघडला. मॅडम, तुमचा आवाज येत नाहीये, म्हणाली. मी वर्ग थांबवू का विचारलं, तेही तिला ऐकू गेलं नाही. ती पुढे म्हणाली, “राहू द्या मॅडम, त्या मॅडमचा येतोय.”

५ जुलै, सोमवार

आज मी शिकवलं नाही. ऐकलं.

त्या प्रश्न विचारून थांबतात. घाबरवत नाहीत. उत्तर चुकलं तर तेच उत्तर हळूहळू बरोबर करून घेतात. मी वही काढली, आकृती काढली. आत्यानंतर मला कोणी इतकं सावकाश शिकवलं नव्हतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच एकटं वाटलं नाही.

शेवटी हजेरी झाली. बेचाळीस नावं. मग त्या म्हणाल्या, “रुचा.”

मी म्हटलं, “हजर.”

७ जुलै, बुधवार

माझा चौकोन आता मुलांच्या रांगेत आहे. त्रेचाळिसावा. माईक उघडत नाही. फोन बंद करून पाहिला, वर्ग तरीही चालूच —

आत्याला फोन लावला. मी रडत होते. ती म्हणाली, “हो का मॅडम? नमस्कार. आमची रुचा अभ्यासात बरी आहे ना? जरा भित्री आहे हो, सांभाळून घ्या.”

मी ओरडले, आत्या, मीच आहे. ती म्हणाली, आभारी आहे मॅडम. आणि ठेवला.

९ जुलै, शुक्रवार

अहवाल मी पाठवला नाही. तरी गेला. खाली सही त्यांची — मी गिरवलेली नव्हे, खरी.

सरांना लिहिलं, यादीवरची सही खोटी आहे, ती मी केली आहे. त्यांचं उत्तर आलं, पण मला नाही — “विजयमाला मॅडम, तुमच्या त्या नव्या पोरीला सांगा, ग्रुपवर काही टाकत जाऊ नको म्हणावं.”

‘कार्यमुक्त’चा रकाना कोराच आहे, त्यांना कोणी सोडलंच नाही. गेल्यावरही नाही. आणि मी त्यांना पंधरा जूनला हजर करून —

१० जुलै, शनिवार

वर्ग चालू आहे. मांडीवर वही घेऊन लिहिते.

त्या म्हणाल्या, सोमवारी चाचणी, कोणी गैरहजर राहायचं नाही. मी आजवर कधी — तापातही नाही —

सोमवारी गैरहजर राहणार. फोन इथेच ठेवून जाणार. सरांसमोर उभी राहून तोंडाने सांगणार. नोकरी जाईल. जाऊ दे. मॅडमना मोकळं करा म्हणणार. मलाही.

हजेरी सुरू झाली. एकोणचाळीस — चाळीस — नाव घेतलं तरी तोंड उघडायचं नाही — बेचाळीस — रुचा —

सोमवारी, बारा जुलैला, सकाळी सातची तिसगावची गाडी, आणि मी ह—