सासूबाईंच्या लुगड्याचं ठिगळ

मालवण, रविवार संध्याकाळ, १९५८

वाचनालयाच्या संग्रहालयात आजपासून जुन्या पोशाखांचं प्रदर्शन. सासूबाईंचं लग्नातलं लुगडं लाकडी पुतळ्याला मीच नेसवलं, आणि पदरावरचं ठिगळ आत दुमडलं. लोक काय म्हणतील!

सासूबाई आल्या, चष्मा सावरून मोठ्याने म्हणाल्या, "ठिगळ कित्याक लपयलंस गो? ता माझ्या आवशीच्या लुगड्याचा." चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या आईच्या लुगड्याचं ते ठिगळ वर काढलं, तर बायका जरीचे काठ सोडून तेच बघायला लागल्या! मी एवढी का लाजले होते?

निघताना दाराच्या खिळ्याला माझंच नवं पातळ फाटलं. घरी येऊन सासूबाईंकडे ठिगळाला तुकडा मागितला.

"खंयच्या रंगाचो होयो?"

म्हटलं, तुमच्या कुठल्याही जुन्या लुगड्याचा, पण चारचौघांना दिसेल असा.