पापण्यांचं निमित्त

शुक्रवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुमच्याकडे सगळे मजेत असतील असं धरून चालते. इकडे शेजारच्या काकूंच्या गुडघ्यांपासून गल्लीतल्या खड्ड्यापर्यंत सगळं जागच्या जागी आहे. मीसुद्धा.

बाबांच्या डोळ्यांचं सविस्तर कळव म्हणालीस, तर घे सविस्तर. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. पापण्यांच्या कडेला, केसांच्या मुळाशी, बारीक बारीक तेलाच्या ग्रंथी असतात म्हणे. त्यांची तोंडं बुजली की कडा सुजतात, लाल होतात, सकाळी खपल्या धरून पापण्या चिकटतात आणि दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत राहतं. साथीचे डोळे नव्हेत, तेव्हा काकूंनी लांबून बोलायचं कारण नाही. नजरही चांगली आहे. मी विचारलं, पूर्ण बरं कधी होईल? त्या म्हणाल्या, हे बरं होऊन संपणारं दुखणं नाही, आटोक्यात ठेवायचं आहे. दात घासतो तसं रोज, कायमचं. बाबा शेजारी बसून, लाँड्रीत गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायचे ना, तसेच ऐकत होते.

तर आमचा कार्यक्रम असा. सकाळ-संध्याकाळ बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसतात. मी गरम पाण्यात फडकं पिळून पापण्यांवर ठेवते, निवलं की पुन्हा. जन्मभर वाफेत हात घातलेला माणूस तो, माझं फडकं त्यांना कधी पुरेसं गरम वाटलेलं नाही. मग वरची पापणी बोटाने हलकेच खाली आणि खालची वर अशी दाबत न्यायची, म्हणजे अडकलेलं तेल सुटतं. मग उकळून निववलेल्या पाण्यात कापूस बुडवून कडा पुसायच्या. मलम फक्त डोळे फार चिडले तर. यात खाडा झाला की दुसऱ्या दिवशी डोळे लालबुंद.

म्हणून मी कुठे जात नाही. दिवसभर बाबांच्या लाँड्रीत बसून लोकांच्या चेन बसवते, उसवलेलं शिवते आणि दिवेलागणीला घरी. मैत्रिणींनी बोलवायचं केव्हाच सोडलं. कधी कधी पाणी तापेपर्यंत मी ओट्याशी उभी असते आणि वाटतं, अशीच उभी राहून म्हातारी होणार. मग पाणी तापतं.

मागच्या महिन्यात एका शर्टांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. कापड बेतायचं काम, माझं जुनंच, फक्त आता हाताखाली माणसं. गाव लांब, रात्रभराचा प्रवास. सोमवारी हो की नाही कळवायचंय. तू म्हणशील, मग घोडं अडलंय कुठे? पापण्यांपाशी. मी सगळ्यांना हेच सांगते आणि सगळे मान डोलावतात, किती गुणाची पोर.

आता मघापासून जे टाळतेय ते लिहिते.

मी त्या कारखान्यात मुलाखतीला जाऊन आले. बाबांना सांगितलं, शिवणाचं शिबिर आहे. पापण्यांचं काकूंवर सोपवून गेले. परत आले तर काकू दारातच म्हणाल्या की, त्यांना बाबांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. माझं मी करतो, म्हणाले. घरात आले आणि पाहिलं. कडा स्वच्छ, एक खपली नाही, माझ्या हातून कधी होत नाहीत इतक्या. फडकं वाळवून, कडेला कड जुळवून घडी घातलेलं. अशी घडी आपल्या घरात दुसरं कोण घालतं?

ताई, माझं डोकंच फिरलं. एवढे दिवस हा माणूस मान टाकून बसतोय आणि मला डांबून ठेवतोय. आठवडाभर मी मूग गिळून बसले. फडकं मात्र चांगलं चटका बसेल असं ठेवत होते. तर म्हणतात कसे, आज जमलंय.

काल संध्याकाळी राहवलं नाही. फडकं डोळ्यांवर असतानाच विचारलं, "बाबा, तुम्हाला हे स्वतःला येतं ना?"

"येतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. गरम फडकं मला शिकवायला लागतं होय?"

"मग मला कशाला अडकवून ठेवलंत?"

फडकं त्यांनी बोटांनी डोळ्यांवर नीट बसवलं. मग तसेच, फडक्याखालून म्हणाले, "तू आलीस तेव्हा दारातच म्हणालीस, तुमच्या डोळ्यांसाठी आले. तुझ्याबरोबर तीन बॅगा होत्या, शिवणयंत्र होतं. मी म्हटलं, बरं."

तुलाही मी तेच कळवलं होतं. खरं हे की बाबांचे डोळे तेव्हा जेमतेम लाल होते. सासरच्या घरातून मला कुणी हाकललं नाही, कुणी हात उगारला नाही. मी असले काय नि नसले काय, तिथे कुणाला फरक पडत नव्हता. मी निघाले तेव्हा नवऱ्याने, जाताना दार ओढून घे, एवढंच सांगितलं. हे कोणत्या तोंडाने सांगणार होते? बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही. मला लोकांना सांगायला काहीतरी हवं होतं, म्हणून तो माणूस रोज दोनदा माझ्या निवलेल्या फडक्याखाली गप्प बसला. काल मी इतकी रडले की, कुणी पाहिलं असतं तर मलम मलाच लावलं असतं.

आज सकाळी सवयीने पाणी तापवलं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. बाबा बेसिनपाशी आरशात बघून आपल्या कडा आपणच पुसत होते. मी ओट्याशी उभी राहिले. पाणी तिथेच निवलं.

मला भीती वाटते, ताई. इतके दिवस डांबलंय म्हणून कुरकुरायची सोय होती, तीही गेली. परक्या गावात खोली घ्यायची, रोज कुलूप काढून अंधारात शिरायचं, आणि तिथेही मी असून नसून सारखीच निघाले तर?

सोमवारी फोन कर. बाबांच्या डोळ्यांचं विचारू नकोस, ते आटोक्यात आहेत. मी काय कळवलं ते विचार. आणि मी पापण्यांचं काही सांगायला लागले, तर ऐकून घेऊ नकोस.

अजून इथेच असलेली,
तुझी बारकी