दवंडी कोणी द्यायची

९ एप्रिल
ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या घरी फोन लागत नाही आणि जो मला दारापर्यंत येऊ देत नाही, त्याला सांगायचं कसं? मंगलताईंनी आज विचारलं. त्या गावच्या आशा कार्यकर्त्या, मी त्यांच्याबरोबर फिरणारी स्वयंसेविका. पदवी माझ्याकडे आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे.

डोंगरकडेच्या वस्तीवर गेलो होतो. लोक नुकतेच ऊसतोडीहून परतलेत. बाया लांबूनच ओरडल्या, "तितंच थांबा! घरोघर हिंडता तुमी, तुमीच आणताल रोग." पत्रकं दगडाखाली ठेवून आलो. वारं होतं.

१० एप्रिल
वस्तीवरचा एक म्हातारा गेला. आठवडाभर खोकत होता, हे आज कळलं. लपवलं होतं. मंगलताईंनी मुलाला विचारलं, का रे नाही सांगितलं? तो म्हणाला, "सांगितलं की नेत्यात. नेल्यालं माणूस पिलास्टिकात गुंडाळून येतंय."

उपकेंद्रात बोटाला लावायचं मशीन आहे. तपासणी गावातच होते. गोळ्या फुकट आहेत. जबरदस्तीने कुणालाही नेत नाहीत. एवढंच पोचवायचं आहे. पोचत नाही.

१२ एप्रिल
जयंती मंडळाचा भोंगा मागून घेतला. यंदाही मिरवणूक नाही, पोरांनी लगेच दिला. मोटारसायकलला बांधून वस्तीवर. भोंगा सुरू झाला आणि माणसं पटापट रानात पळाली. मला आधी कळेचना. मग मंगलताई म्हणाल्या, मागच्या वर्षी पोलिसांची जीप असाच भोंगा लावून आली होती. आणि काठ्या…

वस्तीवर कोंबड्या आणि आम्ही. तरी ठरलेलं सगळं बोलून आले.

१३ एप्रिल
ग्रा.पं.त बैठक. सरपंच म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. बाई घरी असतात, खुर्चीत हे. त्यांनी विचारलं, भोंगा चालत नाही तर दुसरं काय? मी हात वर केला. बी.ए.ला माझा प्रकल्प लोकमाध्यमांवर होता, सरांनी वर्गात वाचून दाखवला होता. मी म्हणाले, दवंडी द्यावी. हाताने वाजवलेलं ऐकून कुणी पळणार नाही. म्हाताऱ्यांच्या तो आवाज ओळखीचा.

सगळ्यांना पटलं. ग्रामसेवक म्हणाले, कल्पना चांगली, पण कोतवालाची जागा रिकामी आहे. देणार कोण?

सरपंच हसले. "देनार कोन काय? तिच्याच घरात हाय की. सांग तुज्या बापाला, सुकेशनी. तुज्या आज्यानं दिलेलीच हाय."

दोघं-तिघं हसले. वाईट मनाने हसले असंही नाही. त्यांना ते सरळच वाटलं.

प्रकल्पातलं माझं वाक्य मला पाठ आहे. 'दवंडी हे ग्रामीण भागातील संदेशवहनाचे पारंपरिक माध्यम होय.' कोण देत होतं, ते मी लिहिलं नव्हतं. सरांनीही विचारलं नव्हतं.

१४ एप्रिल
जयंती. विहारात पाचच माणसांनी वंदना घेतली, बाकी सगळे आपापल्या घरी.

बैठकीतलं दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, कानावर आधीच आलं होतं. दादा गवंडी, काम बंद, दिवसभर घरीच. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "त्यांनी आपलं घर दाखवलं, का तू दाखवलंस?"

मी म्हणाले, त्यांनी. पण दवंडीचं नाव मीच काढलं होतं.

दुपारी माय भाकरी करता करता सांगत होती. दीक्षा घेतल्यावर आज्यानं डफडं विहिरीत टाकलं. दवंडी देणं, मयताची खबर परगावी नेणं, मेलेलं जनावर ओढणं, सगळं सोडलं. मग गावाने वर्षभर आमच्या घराला गिरणी बंद केली. आजी दळण डोक्यावर घेऊन डोंगर चढून धारूरला जायची.

दळणाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. ती कशापायी, ते कधी जोडून पाहिलं नव्हतं.

१६ एप्रिल
सरपंच स्वतः दारात. मास्क हनुवटीवर.

"वामनराव, मान हाय तो तुमच्या घराचा."

दादा म्हणाले, "मान हाय तर तुमीच घ्या की, तात्या. आमी टाळ्या वाजवू."

सरपंचांनाही हसू आलं. जाता जाता मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "माणसं मरायलीत आन् तुमाला मानपान सुचायलाय."

मान त्यांनीच काढला होता. पण माणसं मरायलीत, हे खरं आहे.

१८ एप्रिल
वस्तीवरून दूध घालायला येणारी बाई मंगलताईंना हळूच सांगून गेली: भुजंगबाप्पाच्या सुनेला ताप. माझं नाव घेऊ नका म्हणाली.

सून म्हणजे गया. सातवीपर्यंत माझ्या बाकावर. मग लग्न, मग कोयता.

आम्ही गेलो. बाप्पा काठी आडवी धरून बांधावर. "काई न्हाई, ऊन लागलंय तिला. जा तुमी." आतून खोकल्याचा आवाज येत होता. आम्ही ऐकला, ते बाप्पांनीही बघितलं. "आमच्याच दारात कावून आलात? कोन म्हनलं तुमाला?"

परत येताना मंगलताई म्हणाल्या, "एकट्याला सांगितलं की त्याला वाटतं, आपल्यावरच डाग आला. सगळ्यांना एकदम सांगितलं तर कुणाचंच नाव होत नाही." थोडं चालून म्हणाल्या, "दवंडीच पाहिजे होती गं."

१९ एप्रिल
दादांना विचारायचं ठरवलं होतं. नाही विचारलं. ते नाही म्हणाले असते तर एक वेळ ठीक. माझ्यासाठी हो म्हणाले असते तर…

मीच जाते म्हणून मायला सांगितलं. मी परात उचलली तेव्हा म्हणाली, "ती नको. भाकरीची हाय. हे घी, जर्मनचं पातेलं. याला तसंबी पोचे हायेत."

दिवस मावळताना गेले, माणसं रानातून घरी येतात तेव्हा. वस्तीजवळच्या टेकाडावर उभी राहिले. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा लाज वाटली. कशाची, ते नीट सांगता येत नाही. दुसऱ्यांदा वाजवलं. कुणी पळालं नाही. माणसं अंगणात आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ऐका हो ऐका! कुणाचं नाव घ्यायला न्हाई आले. ताप आला तर लपवू नका. उपकेंद्रात बोटाला मशीन लावत्यात. सुई न्हाई, दुखत न्हाई. गोळ्या फुकट हायेत. जबरदस्तीनं कुनाला नेत न्हाईत हो!"

पत्रकावर 'विलगीकरण' होतं, 'लक्षणे' होतं. तिथे उभं राहिल्यावर त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

घरी दादांनी विचारलं, कुठं गेलतीस? मंगलताईंबरोबर, म्हणाले. हे खोटं.

२० एप्रिल
सकाळी दोन बाया उपकेंद्रात आल्या. पदराने तोंड झाकून, ओढ्याच्या बाजूने. एकीने बोट पुढे केलं आणि डोळे मिटले. मशीन लावलं, काढलं, तरी डोळे मिटलेलेच. "झालं की," मी म्हणाले. "येवडंच?" दुसरी म्हणाली, "मी बी म्हनलं, आता शाक लागतोय."

गया नाही आली.

२१ एप्रिल
पुन्हा टेकाडावर. आज बाप्पा पुढे आले, मधे बरंच अंतर राखून. ओरडून म्हणाले, "आन् नेल्यावर मेली तर?"

सगळी वस्ती ऐकत होती. मरणार नाही, असं म्हणायचं अगदी तोंडावर आलं होतं. म्हणाले, "मरनार न्हाई, हे मी सांगू शकत न्हाई, बाप्पा. हितं ठिवली तर जास्त भ्याव हाय, येवडं सांगते. घरचं एक माणूस संगं जाऊ देत्यात."

मी निघाले तेव्हा मागून बाप्पांचा आवाज आला. "तुज्या आज्याचाबी आवाज असाच जायचा गं पोरी. पार खालच्या रानापतुर. तराळाची नात शोभतीस!"

तराळ. गावाची दवंडी द्यायची, हाक मारली की धावायचं, तो. बाप्पा चांगल्या मनाने म्हणाले. मी मान हलवली. कशाला हलवली?

२२ एप्रिल
गयाला आणलं. मोटारसायकलवर नवरा पुढे, मागे सासू, मधे ती. मशीनवरचा आकडा बघून सिस्टरनी लगेच गाडी बोलावली. अंबाजोगाईला नेलं. सासू संगं गेली. गया माझ्याकडे बघत होती, ओळख पटली की नाही कळलं नाही.

बाप्पा उपकेंद्राबाहेर उकिडवे बसून होते.

२४ एप्रिल
दादांना कळलं. किराणा दुकानात कुणीतरी म्हणालं, "शेवटी तुमच्याच घरातनं निघाली ना दवंडी?"

घरी आले, पाणी प्यायले. मग विचारलं, "कुनी सांगितलं हुतं तुला जायला?"

"कुणी नाही."

"सरपंच?"

"नाही. मीच गेले."

"मग गेलीस ते गेलीस." तांब्या खाली ठेवून म्हणाले, "माज्या बापाला कुनी इचारलं न्हवतं. हुकूम असायचा. जेवता जेवता उठायचा तो. उद्या कुनी हुकूम केला आन् तू उठलीस तर—"

माय भांडी घासत होती. तिने पातेलं घासून जागेवर ठेवलं.

२६ एप्रिल
गया तोंडाने जेवते. नळी अजून आहे. सासूने दुसऱ्याच्या फोनवरून कळवलं.

रोज जाते टेकाडावर. वस्तीवरची बरीच माणसं आता आपणहून येतात. आता लसीचं सांगायला लागले. सिस्टर म्हणाल्या, म्हातारी माणसं डोंगर उतरून कशी येतील? गाडी मिळाली तर आम्हीच वस्तीवर येऊ, दोन तारखेला. गाडी म्हणजे सरपंचांची पिकअप, गावात दुसरी नाही. सरपंच हो म्हणाले. चांगलं बोलले. "माणसं वाचवलीस, पोरी," म्हणाले. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

आज टेकाडावरून तारीख सांगितली. गाडी येणार म्हणूनही सांगितलं.

२८ एप्रिल
ग्रा.पं.समोरून जात होते. सरपंचांनी हाक मारली.

"सुकेशनी, उद्यापरवा गावातबी एक फेरी मार. नळपट्टी थकलीय लोकांची. भरा म्हनून सांग."

"नळपट्टीचं मी का?"

"का म्हंजी? दवंडी तूच देतीस ना आता."

"ती तापाची देते, तात्या."

"त्वांड येकच हाय की. तापाचं सांगायला चालतं आन् पट्टीचं सांगायला जड व्हतंय?" खुर्चीत बसलेले दोघं हसले. मग सरपंच हळू आवाजात, अगदी घरच्यासारखं म्हणाले, "दोन तारखेला गाडी द्यायचीय मला. तेवडं ध्यानात ठिव."

मी बघते म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून 'बघते' आलं.

२९ एप्रिल
मंगलताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकदा फिरून ये गं. काय जातंय? गाडी मिळू दे. वस्तीवर लस पोचली म्हणजे झालं."

मी म्हणाले, एकदा नसतं ते.

"मग म्हाताऱ्यांनी काय करायचं? तुझ्या मानासाठी थांबायचं?"

सरपंचांनी म्हटलं तेव्हा राग आला होता. मंगलताईंनी म्हटल्यावर आला नाही. त्या उन्हातान्हात माझ्याहून जास्त चालल्यात. त्यांचं चुकतंय असं मला सिद्ध करता येणार नाही. फक्त इतकं कळतं की नळपट्टीनंतर रेशन, रेशननंतर कुणाचं ढोर हरवलं. आणि दहा वर्षांनी कुणी म्हणेल, हिची पोरगी कुठाय, तिला सांगा.

दादांना यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं तर निर्णय त्यांचा होईल.

३० एप्रिल
संध्याकाळी पातेलं घेऊन चावडीपुढे गेले. सरपंच पारावर बसलेले, खूश दिसले. वाजवलं. माणसं दारात आली, बाया ओट्यावर. मंगलताई पिठाच्या गिरणीपाशी उभ्या होत्या.

"ऐका हो ऐका! माज्याकडं फकस्त तापाची आन् लसीची खबर हाय. ती मी माज्या मनानं सांगते, कुनाच्या हुकुमानं न्हाई. साथ गेली की हे बंद. नळपट्टीची दवंडी ज्याला द्यायचीय त्यानं आपल्या तोंडानं द्यावी. ह्या गावात दवंडी कुन्या येका घराची न्हाई हो!"

कुणी हसलं नाही. सरपंच उठले, धोतर झटकलं. "बरं," म्हणाले. "गाडीचं मग तूच बघ."

मंगलताई घरी निघून गेल्या. दुसरी गाडी तलवाड्याच्या बाजूला एकाकडे आहे म्हणतात. फोन केला, उचलला नाही.

तिथून तशीच वस्तीवर गेले. उशीर झाला होता, तरी माणसं अंगणात थांबली होती. वाजवायची गरज पडली नाही. एका म्हातारीने विचारलं, परवा सुईवाले येनार ना गं? मी सांगितलं, गाडी ठरली होती, आता नक्की नाही. का नाही, तेही सांगितलं.