तांबड्या खुणा

सातारा, ४ ऑगस्ट १९९८

चि. शरयूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला! नात अश्लेषाने त्यात नेटस्केप म्हणून एक प्रकार बसवून दिलाय. एकाच जागी वाचनालय आणि पोस्ट, असं समज. आधी फोन किरकिरतो, मग पडदा उजळतो आणि पत्रं उतरतात. पत्ता सगळ्या घराला मिळून एकच. अश्लेषा म्हणते, आजोबा, माऊस छडीसारखा धरू नका. तुझी नात सई कॉलेजातून तिला पत्रं धाडते म्हणे. तू आपली कार्डावरच बरी.

पण तुझ्या अक्षराचं काय झालंय गं? ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात, अनुस्वार शेजारच्या शब्दावर जाऊन बसतो. वाईला घाटाच्या पायरीवर मी पुस्तक धरायचो आणि तू कविता उतरवून घ्यायचीस, तेव्हा कशी मोत्यांची सर असायची. आळस, दुसरं काय! नेहमीप्रमाणे तांबड्या शाईने दुरुस्त करून कार्ड परत पाठवतोय. दहापैकी तीन गुण.

माया आहे तेवढीच आहे, गुण तेवढे वाढव.

तुझा अण्णा

सातारा, २३ ऑगस्ट

चि. शरयू,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

गुरुवारी अश्लेषा घरी नव्हती. मी एकट्यानेच पत्रं उतरवली. एक सईचं होतं. वर अश्लेषाचं नाव होतं. ते मी पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू? पण घरी आलेलं पत्र कुणाचंही असो, चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, ही आपल्या वडिलांपासूनची रीत. त्यात मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत, उच्चारल्याखेरीज कळेना. सूनबाई होती, शेजारचे दादासो होते. मी कविता म्हणावी तसा सूर लावला.

सईने लिहिलं होतं, आजीला आता जवळजवळ दिसत नाही. कार्डावर पट्टी ठेवून अंदाजाने लिहिते. साताऱ्याच्या आजोबांना कळू द्यायचं नाही, अशी तिने शपथ घातलीय. आणि ते दुरुस्त केलेली कार्डं पाठवतात तेव्हा... तिथे मी वाचणं थांबवलं. दादासो कप तसाच ठेवून उठून गेले.

छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, इतकी लाज कधी वाटली नाही. आंधळेपणाला मी आळस म्हटलं, कार्डावर तांबड्या खुणा केल्या आणि वर दहापैकी तीन गुण दिले. तुझं गुपित चार माणसांत फोडलं. सांगलीला यावंसं वाटतं, पण तू बोलावल्याशिवाय कुठल्या तोंडाने येऊ?

अपराधी,
अण्णा

सांगली, ३० ऑगस्ट

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

हात सईचा, बोलणं माझं. तुझं पत्र तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. कुठल्या रे तांबड्या खुणा? मला ठाऊकच नव्हत्या. तुझी कार्डं वाचताना सई तेवढं गाळायची आणि वर सांगायची, अण्णाआजोबांनी शाबासकी दिलीय. तीन गुण मला आत्ता कळले, तेही तुझ्याच तोंडून. मास्तर तो मास्तरच!

दुसऱ्याच्या नावचं पत्र वाचलंस याचा मात्र खरंच राग आला. दोन दिवस जेवणावर काढला. पोरींची माफी माग, दोघींची, आणि समोर उभा राहून माग.

सगळी कार्डं पत्र्याच्या डब्यात आहेत. मोठ्याने वाचायची तुला हौस आहेच, तर ये आणि वाचून दाखव. खुणांसकट वाच, एकही गाळायची नाही. मग घाटावरच्या कविताही म्हण. आता पुस्तक धरायला नको, दोघांनाही पाठ आहेत.

खालचं नाव माझ्या हातचं आहे. ओळीबाहेर गेलं असेल, तर जाऊ दे.

तुझी
शरयू