उल्काधूळ, टाकीजवळचा कोपरा

४ फेब्रुवारी

ही आज सकाळच्या गाडीने मुलीकडे गेली. हवापालटासाठी. मीच म्हणालो, जा. म्हणजे तिची बॅग भरून झाल्यावर म्हणालो. खरं तर बॅगा दोन होत्या. बायकांना आठ दिवसांसाठीही दोन बॅगा लागतात.

दारात "येते" म्हणाली. बस, एवढंच. मी गच्चीवर निघालो होतो, हातात झाडू होता, म्हणून स्टेशनवर गेलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

घर शांत आहे. संशोधनाला उत्तम. संध्याकाळी देवापुढे बसून निश्चय केला: ही परत येईपर्यंत आकाशातून पडलेला एक तरी अस्सल दाणा शोधायचा, काचेच्या थेंबात बसवायचा आणि तिच्या हातावर ठेवायचा. तिला वाटतं, मी गच्चीवर माझ्यासाठीच जातो.

५ फेब्रुवारी

पद्धत एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर गडबड नको.

मोठ्या उल्का शोधायच्या तर वाळवंट लागतं किंवा बर्फ. आपल्याकडे गच्ची आहे. मासिकात वाचल्यापासून मला हे फार आवडलंय की पृथ्वीवर रोज टनांनी आकाशधूळ पडते आणि कोणाच्याही छपरावर पडते. वर्कशॉपच्या शेठच्या बंगल्यावर जास्त आणि आमच्या गच्चीवर कमी, असं नाही. हा मला देवाचा न्याय वाटतो. तर गच्ची झाडायची, धूळ चाळायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवायचं. चिकटेल ते भिंगाखाली. अगदी गोल, काळा, चकचकीत दाणा दिसला की समजायचं, हा जळत खाली आला आहे.

आमच्या पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात असे दाणे ढिगाने मिळतात. त्याच कोपऱ्यात का, ते अजून विज्ञानाला उलगडलेलं नाही.

चुंबक हिचं आहे. शिवताना खाली सांडलेल्या टाचण्या उचलायला वापरायची. मी घेतल्यानंतर तिने एकदाच परत मागितलं, तळपायात टाचणी गेली त्या दिवशी. पुन्हा मागितलं नाही. गरज नसावी.

८ फेब्रुवारी

वर्कशॉपमध्ये एका मोठ्या जिन्याच्या कठड्याचं काम. दिवसभर ग्राइंडरने लोखंड घासणं. जेवायच्या सुट्टीत वेल्डर म्हणाला, उल्कापात, वहिनींचा डबा दिसत नाही हल्ली. (मला तिथे उल्कापात म्हणतात. प्रेमाने.) सांगितलं, हवापालटाला गेलीय. तो म्हणाला, हवा कोणाला पालटायची होती, त्यांना की तुम्हाला? सगळे हसले. मीही हसलो. विनोद नीटसा कळला नाही.

१२ फेब्रुवारी

आठ दिवस झाले. ही आली नाही. मुलीने ठेवून घेतलं असणार. लेकीपुढे आईचं काय चालतं?

जानेवारीत मंगळावर उतरलेली यंत्रगाडी वाळूत रुतली आहे. एक चाक फिरत नाही. पण पृथ्वीवरून तिला चालवणारे लोक हार मानणारे नाहीत. गाडीला उलटं चालवून बघतायत.

१५ फेब्रुवारी, सकाळी

हिला फोन केला. म्हणाली, बरी आहे. मग मी गाडीच्या चाकाचं सांगितलं, सविस्तर. ती "हं" म्हणत होती. नंतर लक्षात आलं, "हं" बराच वेळ आलं नव्हतं. पोळ्या लाटत असेल.

१९ फेब्रुवारी

तिच्या शिलाई मशीनचं टेबल तूर्त रिकामंच आहे, म्हणून मशीन उचलून भिंतीला लावलं आणि तिथे भिंग, दिवा आणि बाटल्या मांडल्या. औषधाच्या छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: "उल्काधूळ, टाकीजवळचा कोपरा". खाली तारीख. प्रयोगशाळाच दिसते. ही आली की लगेच हलवायचं.

भात करपला. उद्यापासून स्वयंपाकाकडे लक्ष द्यायचं.

२० फेब्रुवारी

पुन्हा करपला. पण वेगळ्या कारणाने.

२६ फेब्रुवारी

मंगळाच्या गाडीशी बोलणं तात्पुरतं बंद. सूर्य मध्ये आला आहे. पृथ्वी एका बाजूला, मंगळ पलीकडे, मध्ये सूर्य. अशा वेळी निरोप पाठवले तर वाटेत चुरा होतात, म्हणून शहाणी माणसं पाठवतच नाहीत. तीन आठवडे थांबतात. इकडचे रागावलेले नाहीत, तिकडचीही रुसलेली नाही. नुसता सूर्य मध्ये आला आहे.

हे वाचून फार बरं वाटलं. आता मीही तीन आठवडे हिला फोन करणार नाही. मुद्दाम.

३ मार्च

न राहवून केला. मुलीने उचलला. आई बाहेर गेलीय म्हणाली. मागे पाण्याचा नळ चालू होता आणि कोणीतरी हिच्यासारखंच खोकलं.

९ मार्च

एक विचित्र गोष्ट. टाकीजवळचे दाणे कमी होत चाललेत. फेब्रुवारीत एका झाडणीत मूठभर धूळ आणि तिच्यात दाणेच दाणे. आता भिंग लावून शोधावे लागतात. बहुधा पृथ्वी आकाशातल्या एखाद्या मोकळ्या पट्ट्यातून जात असावी. नोंद करून ठेवली. असा शोध याआधी कोणी लावला आहे का, ते तपासायला हवं.

१४ मार्च

खालच्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहतात. शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्याकडे जुना सूक्ष्मदर्शक आहे. आज एक बाटली घेऊन गेलो. त्यांनी फार वेळ पाहिलं. मग विचारलं, तुम्ही काम कुठे करता? सांगितलं, खिडक्यांच्या जाळ्या, कठडे. त्यांनी मान हलवली. शिकलेल्या माणसांची ही सवय मला आवडत नाही. आधी धंदा विचारतात, मग माल बघतात.

म्हणाले, ग्राइंडरची ठिणगी थंड झाली की तिचाही असाच गोल दाणा होतो. मी नम्रपणे सांगितलं, वर्कशॉप गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, ठिणगी काही एवढा प्रवास करून माझ्या टाकीजवळ येणार नाही. त्यांनी चहा दिला. तुमचंही बरोबर असेल म्हणाले. एकटेच आहात का, असंही विचारलं. म्हटलं, छे, ही येणारच आहे.

निष्कर्ष: मास्तर निरुत्तर.

१५ मार्च

लहानपणी गावच्या शाळेच्या पटांगणात झोपून तुटता तारा पाहिला होता. गुरुजी म्हणाले, काहीतरी माग पटकन. मी इतका वेळ विचार केला की तो विझून गेला. आज देवापुढे बसल्यावर हे उगाच आठवलं. मागायला काही सुचलं नाही. सगळं ठीकच आहे.

२१ मार्च

सूर्य बाजूला झाला. गाडीला निरोप पाठवले. उत्तर नाही.

हिलाही केला फोन. तिनेच उचलला. मी म्हटलं, काय म्हणतेस? म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, इकडेही काही नाही. आणि मग गाडीचं सांगितलं.

२ एप्रिल

मुलीचा फोन आला. वर्कशॉपमध्ये. ती कधीच कामावर फोन करत नाही. ग्राइंडर बंद करून बाहेर आलो.

म्हणाली, आईला तिच्या गल्लीतल्या टेलरिंगच्या दुकानात काम मिळालंय, रविवारी ही आणि जावई टेम्पो घेऊन मशीन न्यायला येतायत. मी म्हटलं, एवढ्या थोड्या दिवसांसाठी मशीन कशाला हलवायचं? मग म्हणाली, "बाबा, आई परत येणार नाहीये. तुम्हाला कळतंय ना?"

मी समजावलं, अगं, ती जाताना "येते" म्हणालीय. मी स्वतः ऐकलंय.

"बाबा, गॅसवालासुद्धा 'येतो' म्हणूनच जातो."

पुढे आणखी एक सांगितलं. जानेवारीत म्हणे ही चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ठरवून. मला कळतंय का ते बघायला. मुलगी म्हणाली, पाचव्या दिवशी आईने मला फोन केला, रडत नव्हती, नुसतं म्हणाली, मी येऊ का तुझ्याकडे?

आठवून पाहिलं. ते चार दिवस मला आठवतात. मंगळावर गाडी उतरायची होती. घरात किती छान निवांतपणा आहे, असं मी तेव्हा वहीत लिहिलंही असेल. मागे जाऊन पाहिलं नाही.

मुलगी अजून लहान आहे. नवरा-बायकोतलं तिला काय कळणार?

३ एप्रिल

रविवारची तयारी. ठरवलेली कामं: मशीन पुसून पुन्हा टेबलावर ठेवणे. प्रयोगशाळा हलवणे. चुंबक परत तिच्या डब्यात. सगळ्यात चांगला दाणा निवडून काचेत बसवणे. तो हातात पडला की मशीन न्यायचा विचार तिच्या मनातून जाईल. टेम्पो रिकामा परत पाठवायचा म्हणजे जावयांना भाडं द्यावं लागेल का, ते ऐनवेळी बघू.

दाढी. पडदे.

५ एप्रिल

काचेचा थेंब नीट जमला नाही. दाणा आत एका कडेला गेला. पण उजेडात धरला तर दिसतो.

६ एप्रिल, रविवार

आली. बारीक झालीय, पण चेहरा बरा दिसतो. जावई खाली टेम्पोजवळच थांबले. हिने आल्या आल्या चहा टाकला, साखरेचा डबा बरोबर सापडला तिला. मग टेबलाकडे आली. बाटल्या हलवायच्या राहिल्या होत्या.

मी थेंब तिच्या हातावर ठेवला. बोलायचं सगळं पाठ केलं होतं, तरी भलतीकडूनच सुरुवात झाली. म्हटलं, हे आकाशातलं आहे. तुझ्यासाठी. तिने थेंब उजेडात धरला. कुठे मिळालं, म्हणाली. गच्चीवर, म्हटलं. गच्चीवर कुठे? टाकीजवळच्या कोपऱ्यात. तिने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. एक, मग दुसरी, मग सगळ्या. हसायला आलं तिला. मीही हसलो, आवडलं असं वाटून. मग तिचं हसू थांबलं.

"अहो, तिथे मी तुमचे कामाचे कपडे झटकायचे. रोज. घरभर लोखंडाचा कचरा नको म्हणून."

मी खुंटीकडे पाहिलं.

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं, ते आपोआप स्वच्छ होतात?"

रागाने नाही म्हणाली. मला खरंच काय वाटत होतं, ते आता आठवत नाही. कपडे खुंटीवर असायचे.

मार्चमध्ये दाणे का कमी झाले, तेही तिथेच उभ्या उभ्या कळलं. हे तिला सांगितलं नाही.

थेंब तिने टेबलावर ठेवला. मग पुन्हा उचलला आणि पर्समध्ये टाकला. का, ते विचारलं नाही. चांगली खूण म्हणता येईल. म्हणता येईल का, माहीत नाही.

मशीन जड आहे. जावई वर आले. जड बाजू मी धरली. जिन्याच्या वळणावर "सांभाळून" असं ती दोनदा म्हणाली. मशीनला म्हणाली की मला, कळलं नाही. टेम्पोत जुन्या गोधडीवर मशीन ठेवलं, दोरीने बांधलं. गाठ मीच मारली, पक्की.

मी म्हटलं, बाटल्या फेकून देऊ का? ती म्हणाली, ठेवा, तुमचंच आहे सगळं. आणि टेम्पो निघाला. या वेळी काही म्हणाली नाही. हात हलवला.

१० एप्रिल

मंगळावरच्या गाडीला निरोप पाठवणं आजपासून थांबवलं. मोहीम संपली असं जाहीर केलं. बातमीत लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. काही जण रडतही होते. मला आधी राग आला. इतक्या लवकर सोडून देतात का? मग वाटलं, त्यांनी निदान रोज विचारलं तरी. ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, असं रोज.

देवापुढे बसलो. उठलो.

१३ एप्रिल

आज ठरवून फोन केला. मंगळ नाही, उल्का नाही, असं आधी स्वतःला बजावलं. एका कागदावर विषय लिहिले: तिचं दुकान. गुडघा. जावयांची नोकरी. मुलगी खूश आहे का?

तिने उचलला. म्हणाली, बोला.

कागद हातातच होता. पण तिचं "बोला" ऐकलं आणि लक्षात आलं, हे ती कायमच म्हणायची. कामावरून आलो की म्हणायची. जेवताना म्हणायची. मी नंतर बोलू म्हणायचो.

मी विचारलं, जेवलीस का?

"हो. आत्ताच. तुम्ही?"

मी म्हटलं, हो.

मग मी थांबलो. तीही थांबली. मागे कोणाचं तरी मशीन चालू होतं, कदाचित तिचंच, कोणी शिकाऊ मुलगी चालवत असेल. तेही विचारता आलं असतं. ती बराच वेळ थांबली. माझी वाट बघत होती, हे मला कळत होतं. या वेळी कळत होतं.

मग म्हणाली, "ठेवते हं."

भात अजून टाकायचा होता.